बनसोडे मॅडम आणि शेळ्यांची पंगत

बनसोडे मॅडम शांत स्वभावाच्या होत्या, हे साफ खोटं आहे. कॉलेजच्या शोकसभेत एकामागून एक मंडळी उठत होती आणि मितभाषी काय, मनमिळाऊ काय, ‘कुणाला कधी उलटून बोलल्या नाहीत’ काय... मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. अहो, मॅडमचा आवाज प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निघाला की फाटकावरच्या चहावाल्यापर्यंत पोचायचा! सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप लावायचं परिपत्रक निघालं, तेव्हा त्यांनी तो कागद टेबलावर आपटून विचारलं होतं, “जंत काय तुमचं परिपत्रक वाचून पोटात येतात का?” उलटून बोलणं हा त्यांचा नित्यनेम होता. तरी मी गप्प ऐकून घेतलं असतं. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द बोलायची आपली रीतच आहे. पण मग प्राचार्य उठले आणि म्हणाले, “मॅडमच्या मार्गदर्शनाखाली आपल्या एका विद्यार्थिनीनं राज्यपातळीवर पहिला क्रमांक मिळवला होता. ती विद्यार्थिनी आज आपल्याच कॉलेजात शिकवते आणि इथंच बसली आहे.” सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. शोकसभेत टाळ्या वाजवाव्यात की नको, या पेचात दोघं-चौघं पडलेले दिसले. मी उभी राहिले. “सर, नंबर आला नव्हता,” मी म्हणाले. “पहिला नाही, शेवटचाही नाही. आम्ही हात हलवत परत आलो होतो.” ते कसनुसं हसले, “असू द्या रेखा मॅडम, आजच्या दिवशी...” आजच्या दिवशी? मॅडम गेल्यावर पहिल्याच सभेत त्यांच्या नावावर खोटा निकाल चढवायचा आणि मी असू द्यायचं? म्हणून हे लिहायला बसले आहे.

बातमी आली तेव्हा मी बेंबळीला आईकडं होते. मॅडमच्या भाच्याचा फोन आला. “आत्या गेली,” एवढंच तो म्हणाला... हृदयाचं दुखणं जुनं होतं, पण मॅडमनी त्या दुखण्यालाही कधी जुमानलं नव्हतं. आई अंगणात शेळ्यांना पाणी दाखवत होती. तिला सांगितलं तर तिनं बादली खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि एकच विचारलं, “जेवल्या हुत्या का गं बाई?” आईचं सगळं जग कोण जेवलं आणि कोण राहिलं यावर चालतं. तुम्हाला हसू येईल, पण माझं सगळं शिक्षण आईच्या या एका खोडीवर आणि मॅडमच्या भांडखोरपणावर उभं आहे.

तेव्हा मी याच कॉलेजात अकरावीला होते. धाराशिवला तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो, एस.टी.च्या पाटीवरही तेच होतं. घरी शेळ्या, थोडं कोरडवाहू रान. थोरला भाऊ लातूरला कॉलेजात होता. त्याला पाठवताना कुणी अट घातली नव्हती. नवी पँट शिवली, गाडीत बसवलं, झालं. माझी गोष्ट निघाली की मात्र आण्णा, म्हणजे माझे वडील, मान हलवायचे. “शास्तर घेतलंस, घेतलंस. पर बारावी झाली की बास.” अकरावीची परीक्षा संपली त्या दिवशी बनसोडे मॅडम वर्गात आल्या आणि म्हणाल्या, “उन्हाळ्यात प्रयोगशाळा उघडी ठेवणार आहे. ज्याला यायचं त्यानं यावं. मार्क मिळणार नाहीत, प्रमाणपत्र मिळणार नाही, पंखा बहुतेक बंद असेल. काम मात्र खरं असेल.” पाच-सहा हात वर झाले. मे उजाडेपर्यंत मी एकटी उरले होते. पुढं पावसाळ्यात एका मोठ्या शहरात विद्यार्थ्यांच्या संशोधनाची स्पर्धा होती. मॅडमनी माझं नाव दिलं तेव्हा आण्णांनी घरात फैसला सुनावला, “नंबर आला तर लातूरला धाडतो. न्हाय आला तर पुन्यांदा नाव काढायचं न्हाय.” मला काय, तेवढी फट पुरेशी वाटली. मी कामाला लागले.

प्रश्न मॅडमनी माझ्याच घरातून काढायला लावला. आमच्याकडं उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पिकल्या की शेळ्यांना झोडपून देतात, आणि शेंगा खाल्ल्या की शेळीच्या पोटातले जंत पडतात असं सगळे म्हणतात. मीही मॅडमना ठासून तेच सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “दिसलं का वाटलं?” हा त्यांचा कायमचा सवाल. तुम्ही काहीही सांगा, पाण्यात किडे झाले म्हणा, वर्गातला अमका नक्कल करतो म्हणा, मॅडमचं ठरलेलं, दिसलं का वाटलं? मग दिसण्यासाठी मांडणी केली. घरच्या शेळ्यांचे दोन गट पाडले. एका गटाच्या गळ्यात लाल गोंडे बांधले, त्यांना रोज शेंगा. दुसरा गट साधा, त्यांना शेंगा नाहीत, बाकीचं चरणं-पाणी सारखंच. रोज सकाळी प्रत्येक शेळीच्या ताज्या लेंड्या डब्यांत भरून गावाहून एस.टी.नं उस्मानाबादला प्रयोगशाळेत न्यायच्या, त्या कुटून मिठाच्या दाट पाण्यात ढवळायच्या, जंतांची अंडी वर तरंगली की ती काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. वाचायला सोपं वाटतं. मे महिन्यात भरलेल्या एस.टी.त मांडीवर लेंड्यांची पिशवी घेऊन बसून बघा एकदा! कंडक्टरनं पहिल्या दिवशी विचारलं, “काय हाय गं त्यात?” मी म्हटलं, “लेंड्या.” “मग त्येंचं तिकीट कुणी काढायचं?” सगळी गाडी हसली. वर्गातल्या पोरांनी माझं नाव ‘लेंडीवाली’ पाडलं. मी रडत मॅडमकडं गेले, तर त्या म्हणाल्या, “मग खोटं काय आहे त्यात? उद्यापासून मलापण लेंडीवाली म्हणायला सांग.” आणि खरंच, स्टाफरूममध्ये त्या स्वतःची ओळख तशी करून द्यायला लागल्या. पोरांची मजाच गेली.

प्रयोगशाळेत दुपारी वीज जायची. मग मॅडम सूक्ष्मदर्शक उचलून खिडकीशी आणायच्या, त्याचा छोटा आरसा उन्हाकडं फिरवायच्या आणि आपल्या लाकडी खुर्चीत बसून मला म्हणायच्या, “बघ आता, सूर्य काय भारनियमन करत नाही.” त्या खिडकीतच मला पहिलं अंडं दिसलं. आमच्या चंद्री शेळीच्या पोटातलं, लांबट, पारदर्शक, आत इवले इवले गोळे. मी ओरडले, “मॅडम, आहे, आहे!” त्यांनी स्वतः डोळा लावून पाहिलं आणि तेव्हाच ‘हं’ म्हणाल्या. त्या ‘हं’साठी मी उन्हातान्हात किती धावले असेन... आज माझ्याकडं चांगली उपकरणं आहेत, पदव्या आहेत, पण तसं ‘हं’ मला पुन्हा कुणी म्हणालं नाही.

आणि मग सगळं बिनसलं. शेंगा सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर अंडी कमी व्हायला लागली. मी नाचतच मॅडमना सांगितलं, “उतरली मॅडम!” “कुणाची?” “सगळ्यांचीच.” मॅडमचा चेहरा बदलला. शेंगा नसलेल्या गटाची अंडी कशाला उतरतील? त्यांनी साध्या गटाचे डबे उघडून लेंड्या ताटलीत फोडल्या आणि चिमट्यानं एक काळी, चपटी बी वर धरली. बाभळीची बी. “ही इथं कशी आली?” मी म्हटलं, रानात पडलेली शेंग खाल्ली असेल. “दिसलं का वाटलं?” त्याच दिवशी मॅडम माझ्याबरोबर बेंबळीला आल्या. आई गोठ्यापुढं उभी होती. तिला विचारलं, तर तिनं कमरेवर हात ठेवले. “व्हय, दिल्या. मग? तू गाडीत बसलीस की रोज देते. त्या लाल गोंड्यावाल्या कुरूकुरू खात्यात आन् ह्या बिचाऱ्या दावं ताणून बघत बसत्यात. ह्या काय सवतीच्या हायत व्हय? पंक्तिप्रपंच म्या जन्मात केला न्हाय, आन् मुक्या जिवांशी तर करणार न्हाय!” झालं! संशोधनाची सगळी मांडणी आईच्या पंगतीत वाहून गेली. शेंगांचा हंगाम सरत आलेला, पुन्हा पहिल्यापासून करायला वेळ नाही. मी तिथंच मातीत बसून भोकाड पसरलं. मॅडम आधी खो खो हसल्या. मग आईला म्हणाल्या, “वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी. पोरीला गट पाडायला शिकवलं, पण शेळ्या ज्यांच्या आहेत त्यांना विचारायला शिकवलं नाही.”

कॉलेजात हे कळल्यावर एका सरांनी मला बाजूला घेतलं. ते वाईट नव्हते, त्यांना माझी कळकळच होती. म्हणाले, “सुरुवातीचे आकडे घे आणि साध्या गटाचे पुढचे बसवून टाक. शेंगांनी जंत कमी होतात हे खरंच तर आहे. कुणाला कळतंय?” मॅडम दारातच उभ्या होत्या. “बसवून टाक?” असा काही आवाज चढला की बाहेरचा शिपाई आत आला. “आकडे म्हणजे काय गणपती आहेत का, सोयीनं आणून बसवायला?” मग त्यांनी माझ्यासमोर कोरा तक्ता पसरला आणि निकाल माझ्याच हातानं लिहायला लावला. ‘फरक दिसला नाही. कारण, घरच्यांना पंक्तिप्रपंच मान्य नव्हता, त्यामुळे सर्व शेळ्यांना शेंगा देण्यात आल्या.’ लिहिता लिहिता मी म्हणाले, “मॅडम, माझं लातूर...” “माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “लातूरला मी तुला पायी चालत घेऊन जाईन. पण खोट्या आकड्यांवर बसवून नाही नेणार.” मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता. आजही मला वाटतं, चिडायचा मला पुरता हक्क होता. सतरा वर्षांच्या पोरीचं सगळं आयुष्य पणाला लागलेलं आणि ह्या बाई तत्त्वं घेऊन बसलेल्या!

स्पर्धेत जे व्हायचं तेच झालं. शेजारच्या टेबलांवर दिवे लागत होते, चक्रं फिरत होती, आणि आमच्या टेबलावर एक तक्ता, डब्यात लेंड्या आणि एक बाभळीची शेंग. परीक्षकांनी तक्ता वाचला. शेंगा कुणी दिल्या विचारल्यावर मी ‘आईनं’ म्हटलं, तसा एक म्हणाला, “म्हणजे आईनं प्रयोग खाल्ला म्हणायचा!” बाकीचे हसले. मी मान खाली घातली. विद्यार्थ्यांबरोबर आलेल्या शिक्षकांनी मधे बोलायचं नाही असा नियम होता. मॅडम बोलल्या. “हसायला काय झालं? इथं सगळ्यांचेच प्रयोग जसेच्या तसे यशस्वी झालेत. एवढ्या पोरांत एकाचाही प्रयोग चुकला नाही, याचं तुम्हाला नवल वाटत नाही का? मला वाटतंय. ह्या पोरीनं जे दिसलं ते लिहिलंय.” नियम मोडल्याबद्दल समज मिळाली, नंबर मिळाला नाही. परतीच्या सगळ्या रस्त्यात मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. तुळजापूर मागं पडताना एकदाच म्हणाले, “तुमच्यापायी माझं शिक्षण गेलं.” मला वाटलं, आता समजूत काढतील. छे! उस्मानाबादला उतरल्यावर त्या घरी जायच्या सोडून माझ्यामागोमाग बेंबळीच्या गाडीत चढल्या.

दिवेलागणीची वेळ होती. आण्णा ओट्यावर बसले होते. “आला का नंबर?” “न्हाय.” “मग संपलं,” ते म्हणाले, तेही रागानं नाही, सहज. आईनं आत ताटं मांडली होती. आण्णांच्या ताटाशेजारीच, त्याच ओळीत, मॅडमचं ताट. “बाई, दोन घास खाऊन जावा,” ती म्हणाली. मॅडमनी त्या ताटाकडं पाहिलं, पण बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलायला लागल्या. “वहिनी, मी लोहाऱ्याकडची. माझी आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. गावजेवणाला आम्हालाही बोलावणं असायचं, नाही असं नाही. पण आमची पंगत लांब, उकिरड्याच्या कडंला, सगळ्यांचं उरकल्यावर. वाढणारा वरून टाकायचा, ताटाला त्याचा हात लागू नये म्हणून. पंक्तिप्रपंच कशाला म्हणतात, ते मला कुणी शिकवायची गरज नाही. तुम्ही शेळ्यांत तो केला नाही, त्यात माझा प्रयोग बुडाला, तरी मी तुम्हाला एका शब्दानं बोलले नाही. बोलले का?” आईनं मान हलवली. “मग मला एवढंच सांगा. थोरला लातूरला आणि ही चुलीपुढं, ही कुठली पंगत?”

बाहेर एक करडू ओरडत होतं. आण्णांचा चेहरा लाल झाला. “बाई, तुमी आमच्या घरात यिऊन आमालाच...” आईनं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. आण्णांपुढं आवाज चढवताना मी तिला तोवर कधी पाहिलं नव्हतं. “त्येंनी काय खोटं सांगितलं? जे शेळ्यांत केलं न्हाय ते पोटच्या पोरीत करू व्हय? रेखी जानार लातूरला.” आण्णा म्हणाले, “आगं पर नंबर...” “थोरल्याचा कंचा नंबर आला हुता?” आण्णा उठून आपल्या ताटावर जाऊन बसले. तेव्हा कुठं मॅडम पाटावर बसल्या, भाकरी मोडली आणि वांग्याचं कालवण दोनदा मागून घेतलं. मी दाराआड उभी राहून रडत होते. “ए पोरी,” त्या तोंडात घास धरूनच म्हणाल्या, “पुढच्या उन्हाळ्यात हाच प्रयोग परत. आणि या खेपेला मांडणी तू करायची, आईला विचारून.”

केली मी मांडणी. बारावीची परीक्षा झाल्यावर आईच्या पुढ्यात बसून ठरवलं. आधी लाल गोंड्यावाल्यांना शेंगा, मग थोडे दिवस कुणालाच नाही, मग गोंडे काढून दुसऱ्या गटाला बांधायचे आणि शेंगा त्यांना. पाळीपाळीनं सगळ्यांना मिळणार, उपाशी कुणी राहणार नाही. आईनं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पाळी असंल तर मग चालतंय.” त्या उन्हाळ्यात फरक दिसला. फार मोठा नव्हे, पण दिसला, आणि शेंगा फिरल्या तसा तोही गटागटांत फिरला. एकदा आण्णा स्वतः प्रयोगशाळेत आले. फेटा मागं सारून, एक डोळा घट्ट मिटून त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि कितीतरी वेळ डोळा काढलाच नाही. तो निकाल आम्ही कुठल्याही स्पर्धेला नेला नाही. मी लातूरला गेले, तिथून पुढं शिकले, आणि फिरून याच कॉलेजात आले. मॅडम निवृत्त झाल्यावरही उन्हाळ्यात रोज यायच्या. माझ्याशी भांडायच्या, पोरांना रडवायच्या, आणि त्या पोरांतली कितीतरी आज कुठं कुठं काम करतायत. पण मॅडमनी प्रयोगशाळेच्या दारापाशी जो तक्ता लावला तो दुसऱ्या उन्हाळ्याचा नव्हे, पहिल्याचा. ‘फरक दिसला नाही’ वाला. नवीन येणाऱ्या पोरांनी तो आधी वाचायचा आणि मगच कशालाही हात लावायचा, हा त्यांचा दंडक होता.

आता कॉलेजनं मॅडमचा मोठा फोटो करून आणला आहे, चंदनाच्या हारासकट. तो लावायला नेमकी त्या तक्त्याचीच जागा निवडली गेली. “तो पिवळा पडलेला कागद काढून टाका, बरं दिसत नाही,” असं मला सांगण्यात आलं. मी काढलेला नाही आणि काढणारही नाही. फोटो समोरच्या भिंतीवर लागला आहे. ज्यांना मॅडमच्या नावावर पहिला नंबर पाहिजे, त्यांनी खुशाल दारापाशी थांबावं, तक्ता वाचावा, आणि मग काय ते बोलावं.

गेल्या आठवड्यात मी उन्हाळ्याची प्रयोगशाळा उघडली. तेरहून एक पोरगी येते, अकरावीची, नदीकाठच्या गोगलगायी घेऊन. पहिल्या दिवशी तिनं तक्ता वाचला आणि म्हणाली, “मॅडम, म्हंजे ह्यो प्रयोग फसला न्हवं? मग लावलाय कशाला?” मी तिला बसवून सगळं सांगितलं. दुपारी वीज गेली. मी सूक्ष्मदर्शक उचलून खिडकीशी नेला, आरसा उन्हाकडं फिरवला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला शेजारच्या लाकडी खुर्चीत कुणीतरी बसलेलं दिसलं... सुती साडी, कपाळावर चढवलेला चष्मा. आणि लगेच तोच सवाल कानात आला, नेहमीच्याच आवाजात, फाटकापर्यंत जाईल एवढ्या.

“वाटलं, मॅडम,” मी मोठ्यानं म्हणाले. तेरची पोरगी दचकून माझ्याकडं बघायला लागली. मी डोळे पुसले आणि नीट वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. जे दिसलं ते एवढंच, आणि ते मी तसंच लिहिते आहे.